सावलीचं पात्र आणि उजेडाचा हिशेब

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर कुणी सावलीचं पात्र घेऊन बसलं, की पहिल्या अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास येतो: ‘इथं उजेड किती आहे?’ कथा चालवणारा, म्हणजे डीएम, बहुतेक वेळा गडबडतो. त्यानं राक्षस तयार ठेवलेले असतात, खजिना ठरवलेला असतो, पण मशालीचा उजेड कुठवर पोचतो हे मोजलेलं नसतं. मग ‘आहे थोडा अंधार’ म्हणून तो वेळ मारून नेतो आणि तिथंच त्या पात्राची निम्मी मजा जाते. म्हणून आधी उजेड मोजायला शिकायचं आणि मग पात्र निवडायचं. या लेखात त्याच क्रमानं जाऊ.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. डीएम प्रसंग सांगतो, प्रत्येक खेळाडू आपलं पात्र काय करतंय ते सांगतो, आणि ते जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. लढाई असेल तर आलेखाच्या कागदावर नकाशा काढायचा, एक चौकोन म्हणजे पाच फूट. सध्या २०१४ची पाचवी आवृत्ती आणि तिचंच २०२४चं सुधारित रूप, अशी दोन्ही पुस्तकं वापरात आहेत. कुठल्या पुस्तकानं खेळतोय हे पहिल्याच दिवशी ठरवा, कारण सावलीच्या पात्रांत दोन्हींत बराच फरक आहे.

टेबल आपण बारामतीत मांडू आणि गोष्ट शेजारच्या इंदापूर तालुक्यात घडवू. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर बुडालेलं आहे. पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं; २०२४च्या दुष्काळी उन्हाळ्यात लोक ते पाहायला गर्दी करत होते. एरवी पाण्याखाली असलेली आणि एखाद्या कोरड्या वर्षीच दिसणारी दगडी वास्तू डीएमला आयती मिळाली, तर त्यानं परदेशी किल्ले कशाला शोधायचे? फक्त खऱ्या मंदिराचा आराखडा वापरू नका. देवस्थान आहे, तिथं खेळातसुद्धा तोडफोड नको. त्यावरून सुचलेलं एक काल्पनिक मंदिर घ्या.

आता उजेड. नियमांत त्याच्या तीनच पायऱ्या आहेत. पहिली, लख्ख उजेड: बारामतीच्या भर बाजारातली दुपार. दुसरी, अंधूक उजेड: दिवेलागणीची वेळ, किंवा मशालीच्या वर्तुळाची बाहेरची कड. इथं समोरचा माणूस दिसतो, पण डोळ्यांनी काही हेरायचं असेल तर फासा दोनदा टाकून कमी आलेला आकडा धरतात. तिसरी, अंधार: रात्रपाळीच्या विजेवर उसाला दारं धरायला गेलेल्या माणसाच्या हातातली बॅटरी विझली, की जो उरतो तो. अशा अंधारात तुम्ही नियमानं आंधळेच असता. तुमचा वार चुकायची शक्यता वाढते आणि तुमच्यावरचा वार लागायची.

मशाल वीस फुटांपर्यंत लख्ख उजेड देते आणि त्यापुढचे वीस फूट अंधूक. मेणबत्तीचे आकडे पाच आणि पाच, झाकणाच्या कंदिलाचे तीस आणि तीस. एवढं पाठ असलं की निम्मं काम झालं. डार्कव्हिजन असलेल्या पात्रांना, म्हणजे एल्फ, ड्वार्फ वगैरेंना, ठराविक अंतरापर्यंत अंधार हा अंधूक उजेडासारखा आणि अंधूक उजेड लख्ख दिसतो. पण टेबलावर सर्रास विसरली जाणारी गोष्ट ही, की त्यांनाही पूर्ण अंधारात फक्त अंधूकच दिसतं, रंग तर दिसतच नाहीत. ‘मला डार्कव्हिजन आहे, मला सगळं दिसतं,’ असं म्हणणाऱ्या खेळाडूला डीएमनं तिथंच थांबवावं.

नकाशा काढू. बारा चौकोन लांब आणि आठ चौकोन रुंद सभामंडप, म्हणजे साठ फूट बाय चाळीस फूट. पूर्वेच्या टोकाला मधोमध एक पहारेकरी मशाल घेऊन उभा आहे. त्याच्यापासूनचे चार चौकोन लख्ख, पुढचे चार अंधूक, आणि पश्चिमेच्या दाराकडचे उरलेले चार अंधारात. दुसरा पहारेकरी मधल्या, अंधूक पट्ट्यात फेऱ्या घालतोय. पेन्सिलीनं दोन रेषा मारून हे तीन पट्टे वेगळे करा.

या मंडपात पश्चिमेच्या दारानं रेवू शिरते. रेवू सहाव्या लेव्हलची, म्हणजे अनुभवाच्या सहाव्या पायरीवरची, मंक आहे: हातापायांनी लढणारी संन्यासिनी, सावलीच्या पंथाची. हा पंथ २०१४च्या मूळ खेळाडू-पुस्तकातच आहे आणि माझ्या मते सावलीच्या सगळ्या पर्यायांत नवख्यासाठी हाच सर्वांत चांगला, कारण त्याचा नियम नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. सहाव्या लेव्हलला मंकला ‘शॅडो स्टेप’ मिळते. तुम्ही अंधूक उजेडात किंवा अंधारात उभे असाल, तर बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली जादा छोटी कृती, वापरून साठ फुटांच्या आतल्या, तुम्हाला दिसणाऱ्या, रिकाम्या आणि तशाच अंधूक किंवा अंधाऱ्या जागी क्षणात पोचता. त्या पाळीतल्या पहिल्या जवळच्या वाराला फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो.

रेवूची पाळी आली. ती अंधारात आहे, म्हणजे निघायची अट पुरी झाली. फेऱ्या घालणाऱ्या पहारेकऱ्याशेजारचा चौकोन अंधूक आहे, रिकामा आहे, दारातून दिसतो आणि तीस-पस्तीस फुटांवर आहे. पोचायच्या अटीही पुऱ्या. बोनस ॲक्शन खर्चून ती तिथं उगवते, मग ॲक्शन वापरून दोन वार करते, पैकी पहिला मोठ्या आकड्यानं. मशालवाल्याच्या शेजारी मात्र तिला असं उतरता येणार नाही, कारण तो भाग लख्ख आहे. खेळाडू इथं हटकून विचारतो, ‘खांबामागं?’ खांबामागच्या सावलीबद्दल पुस्तक वेगळं काही सांगत नाही. डीएमनं एकदाच ठरवावं, मशालीच्या उलट बाजूला खांबामागचा एक चौकोन अंधूक, आणि नकाशावर खांब मांडून मोकळं व्हावं. चार खांब मांडले की त्याच मंडपात लढाईचे चार नवे रस्ते उघडतात.

आता पहारेकऱ्यांची पाळी. मशालवाला शहाणा आहे. तो मशाल रेवूच्या पायाशी फेकतो आणि रेवू एकदम लख्ख उजेडात येते. शॅडो स्टेप बंद! सहाव्या लेव्हलच्या मंकला एका पाळीत पंचेचाळीस फूट, म्हणजे नऊ चौकोन, धावता येतं, तेव्हा वीस फुटांच्या वर्तुळाबाहेर पडणं तिला जड नाही. पण शेजारच्या पहारेकऱ्याला पाठ दाखवण्याची किंमत मोजावी लागेल. मशालीच्या एका फेकीनं सबंध पट बदलला. सावलीचं पात्र खेळायचं ते याच्यासाठी. डीएमनं शत्रूंना एवढी अक्कल जरूर द्यावी, फक्त दरवेळी नको, नाहीतर खेळाडू पात्रच बदलून मागेल.

रेवू माणूस आहे, तिला जन्मजात डार्कव्हिजन नाही. त्यामुळे अंधारातून अंधूक भागात तिला उडी घेता येते, पण उलट परतताना मिट्ट काळोखातला चौकोन तिला दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या जागी शॅडो स्टेप जात नाही. २०१४च्या नियमांत दोन की पॉइंट (मंकच्या शक्तीचे गुण) खर्चून तिला डार्कव्हिजनचा मंत्र स्वतःवर टाकता येतो आणि तो आठ तास टिकतो. सहाव्या लेव्हलला एकूण सहाच पॉइंट असतात, तेव्हा मोहिमेच्या आधी हा खर्च करून, थोडी विश्रांती घेऊन पॉइंट भरून काढणं परवडतं. २०२४च्या पुस्तकात ही कटकटच काढून टाकली आहे. तिथं सावलीच्या मंकला डार्कव्हिजन आयतं मिळतं.

दुसरा मोठा फरक सावलीच्या मंकला टाकता येणाऱ्या ‘डार्कनेस’ या मंत्रात आहे, आणि टेबलावरची सर्वांत जास्त भांडणं याच मंत्रावरून होतात. पंधरा फूट त्रिज्येचा जादूचा काळोख पसरतो. साध्या मशालीनं तो उजळत नाही आणि डार्कव्हिजनवाल्यालाही त्यात दिसत नाही. नवा खेळाडू मोठ्या हौसेनं तो लढाईच्या मध्यभागी टाकतो. मग काय होतं? आत असलेल्या कुणालाच काही दिसत नाही. मला तू दिसत नाहीस म्हणून माझं नुकसान, तुला मी दिसत नाही म्हणून माझा फायदा, दोन्ही एकमेकांना काटतात आणि सगळे एकच फासा टाकत बसतात. बघून टाकायचे मित्रांचे मंत्र मात्र वाया जातात. आंधळी कोशिंबीर होते, आणि राज्य बहुतेक वेळा आपल्याच गड्यावर येतं. २०२४च्या मंकला या काळोखात स्वतःला दिसतं, खर्च दोनऐवजी एकच पॉइंट होतो, आणि दर पाळीच्या सुरुवातीला तो काळोख हलवताही येतो. तरी माझा सल्ला तोच: हा मंत्र मित्रांपासून लांब टाका. शत्रूचे तिरंदाज जिथं उभे आहेत तिथं तो टाकला तर शाबासकी मिळेल.

ज्यांना कुस्तीपेक्षा मंत्र आवडतात त्यांच्यासाठी सावलीचा सॉर्सरर आहे. तो २०१७च्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकात आला. त्याला एकशेवीस फुटांचं डार्कव्हिजन आणि आपण टाकलेल्या डार्कनेसमधून पाहण्याची सोय मिळते. प्राण शून्यावर आले की फासा टाकून एका प्राणावर तग धरायची संधीही मिळते, पण वार तेजाचा असला किंवा फाशावर थेट वीस पडून बसला, तर नाही. सहाव्या लेव्हलला तो एक काळा शिकारी कुत्रा शत्रूच्या मागे सोडू शकतो. कुत्रा शेजारी असेपर्यंत त्या शत्रूला सॉर्सररचे मंत्र चुकवणं अवघड जातं. पात्र म्हणून मला हा मंकपेक्षा रंगतदार वाटतो, पण हिशेब जास्त, त्यामुळे पहिल्यांदा खेळणाऱ्याच्या हाती देऊ नका.

त्याच पुस्तकातला ग्लूम स्टॉकर हा रेंजर पहिल्याच पाळीत जोराचा हल्ला करतो, आणि अंधारात डार्कव्हिजनच्या भरवशावर पाहणाऱ्यांना तो दिसतच नाही. भिगवणच्या पाणथळीत पहाटे दबा धरून बसणारा पारधी म्हणून तो छान शोभेल. मात्र पहिल्या पाळीनंतर त्याची चमक ओसरते, म्हणून त्याच्यावर मी फार वेळ घालवत नाही.

या सगळ्या तयार पात्रांत एक गोष्ट समान आहे: त्यांना अंधार हवा असतो. आपल्याकडच्या कथांमधली सावली वेगळी आहे. रामायणाच्या सुंदरकांडातली सिंहिका घ्या. समुद्रावरून उडणाऱ्या हनुमानाला ती पाण्यावर पडलेल्या त्याच्या सावलीला धरून अडवते. तिला अंधाराचा काही उपयोग नाही. सावली पडायला ऊन हवं! यावरून एक पर्याय टेबलावरच बांधता येतो. त्याला आपण छायाग्राही म्हणू.

बांधायचं कसं, ते पायरीपायरीनं पाहू. नवा क्लास, म्हणजे पात्राचा नवा प्रकार, करू नका, आहे त्याला शाखा जोडा. चोरपावलांच्या रोग क्लासला तिसऱ्या लेव्हलला शाखा निवडायची असते, तिथं हे बसतं. नियम एकच लिहा. शत्रूची सावली तुम्ही उभे आहात त्या किंवा शेजारच्या चौकोनात पडत असेल, तर बोनस ॲक्शन वापरून तुम्ही ती रोखू शकता. शत्रूनं ताकदीचा बचाव करायचा. आठ, अधिक तुमचा प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे लेव्हलनुसार वाढणारा कौशल्याचा आकडा, अधिक तुमच्या चपळाईचा आकडा, एवढं त्याला गाठावं लागेल. फसला तर तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत त्याला जागचं हलता येत नाही. रात्रभराच्या विश्रांतीपर्यंत हे प्रोफिशियन्सी बोनसइतक्याच वेळा.

नियम लिहिला की लगेच आकडा तपासायचा. तिसऱ्या लेव्हलला प्रोफिशियन्सी बोनस दोन, चपळाई सोळा असेल तर तिचे तीन, म्हणजे गाठायचा आकडा तेरा. पुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याची ताकद तेरा, तिचा एक मिळतो, म्हणून त्याला फाशावर बारा किंवा जास्त हवेत. वीसपैकी नऊ वेळा तो सुटेल, अकरा वेळा अडकेल. दिवसातून दोनदाच करता येणाऱ्या आणि फक्त चालणं थांबवणाऱ्या युक्तीसाठी हे प्रमाण बरोबर वाटतं. पंधरा-सोळा वेळा अडकत असता तर मी नियम मवाळ केला असता. पुढच्या लेव्हलचे नियम आत्ता लिहीत बसू नका. चार-सहा बैठका खेळा, मग नवव्या लेव्हलला रोखलेल्या शत्रूला दहा फूट ओढून घ्यायची मुभा द्या.

आता खरी गंमत, सावलीची लांबी. उन्हात ती सूर्याच्या उंचीवर ठरते. सूर्य पंचेचाळीस अंशांवर असला तर सावली माणसाइतकीच. बारामतीच्या अक्षांशावर, दिवस-रात्र सारखे असण्याच्या सुमारास, सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचला साडेपाच फुटी माणसाची सावली बारा ते सोळा फूट पडते. टेबलासाठी सोपं करून ठेवा: सकाळी आणि संध्याकाळी तीन चौकोन, मधल्या वेळी एक, भर दुपारी शून्य. रात्री मशालीच्या उलट दिशेला, उजेड संपेपर्यंत. पूर्ण अंधारात काहीच नाही, म्हणजे रेवू जिथं राणी तिथं छायाग्राही निकामी. एकाच चमूत ही दोन पात्रं द्या. मशाल पेटवायची की विझवायची यावर दोघांचं दर खोलीत भांडण होईल, आणि डीएमला आयता मसाला मिळेल.

भर दुपारचं शून्यही वर्षातून दोनदा अगदी खरं ठरतं. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोन दिवस बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बारामती आणि इंदापूरकडे हा शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो, दुपारी साडेबाराच्या आसपास. जुलैत ढग असतात, मेमध्ये नाही. कोरड्या वर्षी मे म्हणजे उजनीचं पाणी खाली गेलेलं, बुडालेलं मंदिर वर आलेलं. मोहिमेचा शेवटचा सामना त्या दिवशी, त्या वेळी ठेवा. छायाग्राहीला काही मिनिटं शक्तीच नसेल, आणि खलनायकाला हे पंचांगातून आधीच ठाऊक असेल.

स्वतःवर अशा अटी लादून खेळणं बारामतीला नवं नाही. मोरोपंत पराडकर बारामतीत राहिले आणि १७९४ साली तिथंच वारले. त्यांच्या नावावर एकशेआठ रामायणं सांगतात, आणि त्यातलं निरोष्ठ रामायण ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून रचलेलं आहे. नियम जितका अडचणीचा तितका खेळणारा हुशार होतो, हे पंतांना फाशांशिवाय कळलं होतं.

जोडसावलीचं पात्र हवं असेल तर सूर्यपत्नी संज्ञेची कथा आहे. सूर्याचं तेज सहन होईना म्हणून ती आपल्या जागी छायेला ठेवून निघून गेली. शनी हा त्या छायेचा मुलगा. यासाठी नवा नियम लिहायची गरज नाही. २०२०च्या वाइल्डमाउंटच्या पुस्तकातला एको नाइट हा लढवय्या आपली करडी, अर्धपारदर्शक प्रतिमा शेजारी उभी करतो, तिच्या जागेवरून वार करतो, तिच्याशी जागा बदलतो. प्रतिमेला एकच प्राण, एका फटक्यात नाहीशी. नियम तोच ठेवा, कथा छायेची सांगा. आणि नलदमयंती आख्यानातली खूण डीएमनं स्वतःकडे राखून ठेवावी. स्वयंवरात नळाचं रूप घेऊन बसलेल्या देवांना दमयंती ओळखते, कारण त्यांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, आणि त्यांची सावली पडत नाही. गावात आलेल्या पाहुण्याची सावली पडत नाहीये, हे कुठला खेळाडू आपणहून विचारतो ते बघत बसावं.

डीएमसाठी एक सावधगिरीची सूचना. ‘शॅडो’ नावाचा राक्षस यादीत किरकोळ दिसतो, २०१४च्या नियमांत प्राण जेमतेम सोळा. पण त्याचा प्रत्येक वार ताकदीतून एक ते चार कमी करतो, आणि ताकद शून्य झाली की पात्र मेलंच. ताकद आठ असलेला सॉर्सरर नशीब फिरलं तर दोन वारांत संपतो. खालच्या लेव्हलला असे तीन-चार एकदम सोडू नका.

उजेडाचा हिशेबच ज्यांना आवडला त्यांनी केल्सी डिऑन यांचा ‘शॅडोडार्क’ हा खेळ पाहावा. तो २०२३ साली आला. त्यात कुठल्याही खेळाडूच्या पात्राला डार्कव्हिजन नाही, आणि मशाल घड्याळातला खराखुरा एक तासच जळते. टेबलावर मोबाईलचा टायमर लावून ठेवतात आणि शेवटची दहा मिनिटं कुणी चहालाही उठत नाही.

सुरुवात करायला पैसे लागतीलच असं नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट खुले आहेत. त्यांत रोग क्लास, पहारेकरी, शॅडो राक्षस आणि उजेडाचे नियम सगळं आहे, म्हणून छायाग्राही आजच बांधता येईल. सावलीचा मंक मात्र त्या फुकट नियमांत नाही. त्यासाठी पुस्तक विकत घ्यावं लागेल किंवा कुणाकडून मागून आणावं लागेल.